खिडकीकडच्या कुंड्या

"सोमवारी मी चोर ठरणार आहे," मुलगी म्हणाली. "त्याआधी खरा चोर कोण, ते मला कळलं पाहिजे."

वहिनींनी तिला खुर्ची दाखवली आणि पंखा वाढवला. मुलगी कसली, तिशीला टेकलेली बाई होती. पण पीएच.डी. करणारा माणूस पदवी हातात पडेपर्यंत विद्यार्थीच राहतो, आणि विद्यार्थ्याला कोणी मोठं मानत नाही. बोलताना ती प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याची परवानगी घेतल्यासारखी थांबत होती.

वहिनी पूर्वी विमा कंपनीत होत्या. जळालेली गोदामं आपोआप जळाली की जाळली, हे बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. नवरा गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पुढच्या खोलीत खासगी तपासाची पाटी लावली. त्यांचे धाकटे दीर, सगळ्यांचे भाऊजी, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. ते वहिनींची गाडी चालवायचे आणि चुकीचे अंदाज बांधायचे. दोन्ही कामं ते मनापासून करायचे.

"काय चोरलंस म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"माझाच शोधनिबंध."

मग सगळं बाहेर आलं. रोपवाटिकेत कोवळी रोपं मुळातून कुजतात. मातीतली एक बुरशी त्यांना वाचवू शकते, हे तिचं संशोधन. सहा वर्षांचं. निबंध लिहून झाला, तेव्हा तिनं दोघांना दाखवला. मार्गदर्शक सरांना रंगीत छापील प्रत दिली आणि मेलवर फाईलही पाठवली. प्रयोगशाळेत तिच्या आधीपासून संशोधन करणाऱ्या दादाला साधी काळीपांढरी प्रत दिली. सरांनी शेवटच्या पानावर सही केली. दादानं काही दुरुस्त्या सुचवल्या. त्या तिनं केल्या आणि निबंध नियतकालिकाकडे पाठवला.

"सरांना दुरुस्त्या दाखवल्यास?"

"ते तेव्हा दौऱ्यावर होते. आल्यावर दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, सर, थोडं बदललंय. ते फोनवर होते. हातानंच म्हणाले, पाठव, पाठव."

नियतकालिकानं निबंध जवळजवळ वर्षभर दाबून ठेवला आणि मग नाकारला. तिनं तो दुसरीकडे पाठवला. तिथून उत्तराऐवजी विद्यापीठाकडे तक्रार आली. हाच निबंध दोन महिन्यांपूर्वी तिसऱ्याच ठिकाणी, तिसऱ्याच माणसाच्या नावानं छापून आला होता. वाक्यंच्या वाक्यं तीच.

"तो माणूस ओळखीचा?"

"नावसुद्धा ऐकलं नव्हतं. शेजारच्या विद्यापीठात आहे म्हणतात. आणि मॅडम, त्याचे आकडे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्याच्याकडे दहातली आठ रोपं जगली, माझ्याकडे सहा. समिती म्हणते, चोरी लपवायला मी आकडे बदलले."

"समितीत कोण आहे?"

"अधिष्ठाता, दोन प्राध्यापक, आणि सचिव आमचे सरच. ते म्हणतात, चूक कबूल कर, लेखी माफी माग, नोंदणी वाचवतो. नाहीतर सहा वर्षं पाण्यात."

"तुझ्या निबंधावर सरांचंही नाव असेल ना?"

"विभागातल्या प्रत्येक निबंधावर असतं. या वेळी त्यांनी समितीला सांगितलं की मी न विचारता घातलं. सही केलेली प्रत त्यांच्याकडेच आहे."

भाऊजींच्या तोंडून नको तो शब्द निघाला. वहिनींनी त्यांच्याकडे न बघता हात पुढे केला. "नाकारण्याचं कारण काय दिलं होतं?"

मुलीनं परीक्षकाचा अभिप्राय पुढे केला. परीक्षक कोण, हे लेखकाला सांगत नाहीत. अभिप्रायाखाली नाव नसतं. वहिनींनी तो मोठ्यानं वाचला.

"भाषा कच्ची. संदर्भ अपुरे, पुढील पाच निबंधांचा उल्लेख अत्यावश्यक. बुरशी दिलेल्या कुंड्या खिडकीकडे आणि न दिलेल्या भिंतीकडे ठेवल्याने निष्कर्ष संशयास्पद. एकूण नावीन्याचा अभाव."

"ते पाचही निबंध एकाच माणसाचे आहेत," मुलगी म्हणाली. "आमच्या क्षेत्रात त्यांना कात्री म्हणतात. कोणाचाही निबंध आला की कापतात. परीक्षक तेच, हे शेंबडं पोरही सांगेल."

"आणि बाकीचे आक्षेप?"

"परीक्षक धड वाचत नाहीत, असं सगळेच म्हणतात. मी फार मनाला लावून घेतलं नाही." पण बोलता बोलता तिचे डोळे भरले होते.

भाऊजी दोन्ही निबंध शेजारी ठेवून चित्रं बघत होते. बाकी त्यांना काही कळत नव्हतं. "चोराचा फोटो फार सुरेख आहे हो," ते म्हणाले. "रंग बघा. सगळ्या सावल्या एका अंगाला पडल्यात. हिच्या फोटोत तसा उठाव नाही."

"भाऊजी, चोराचं कौतुक पुरे."

"मी आपलं चित्राचं बोललो."

वहिनींनी मात्र ते दोन्ही फोटो बराच वेळ हातात धरले.

---

निबंध नाकारणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांचं कार्यालय म्हणजे त्यांच्या घराची मागची खोली. टेबलावर, पलंगावर, वॉशिंग मशीनवर सुद्धा निबंधांचे गठ्ठे होते. पगार नाही, मदतनीस नाही, आणि निबंध रोज येतात.

"परीक्षकाचं नाव मी सांगणार नाही," ते म्हणाले. "गोपनीयता म्हणून काही असते."

"कात्री, ना?"

संपादकांनी चष्मा पुसायला घेतला. एवढं उत्तर पुरेसं होतं.

"हे नाव तुम्ही निवडलंत?"

"लेखकांनीच सुचवलं. तशी पद्धत आहे. निबंध पाठवताना परीक्षकांची नावं आणि ईमेलचे पत्ते भरायचे असतात. बाई, परीक्षक मिळत नाहीत हो! फुकटचं काम कोण करणार? जो तयार होतो, त्याचे पाय धरतो आम्ही."

"पत्ता खरा आहे का, हे तपासलं?"

"नाव मोठं होतं," संपादक पडलेल्या आवाजात म्हणाले. "तपासायचं सुचलं नाही." पत्ता मात्र त्यांनी चिठ्ठीवर उतरवून दिला.

"आलेला निबंध मधेच बदलता येतो?"

"छे. एकदा आला की आला. परीक्षकाला तीच फाईल जाते, आणि ती अजून माझ्याकडे आहे."

गाडीत बसल्याबरोबर भाऊजी म्हणाले, "हाच! एवढे निबंध उशाशी असल्यावर माणसाची नियत फिरणारच."

"भाऊजी, त्याला ते वाचायला वेळ नाही, चोरायला कुठून मिळेल?"

---

कात्री यांनी दार उघडलं ते भांडायच्या तयारीनंच. अभिप्रायाचा कागद त्यांनी हात लांब करून वाचला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"पाच निबंध तुमचे आहेत."

"म्हणूनच सांगतो! मी लोकांचे निबंध कापतो, हे खरं. वाईट असतात म्हणून कापतो. पण स्वतःच्या नावाची भीक मी मागत नाही." कागद त्यांनी टेबलावर आपटला. "आणि तुमच्या चिठ्ठीवरचा हा पत्ता माझा नाही. कोणीही फुकटात उघडेल असला पत्ता. मी संस्थेच्या पत्त्याखेरीज एक ओळ लिहीत नाही."

"तुमचं नाव मग कोणी घेतलं असेल?"

"ज्याला लपायचं होतं, त्यानं. मला शिव्या घालायला सगळे टपलेलेच आहेत. माझं नाव दिसलं की पुढे कोण चौकशी करतंय?"

वहिनींनी छापून आलेला निबंध पुढे केला. "हा लेखक?"

कात्री कडवट हसले. "हा? याला बुरशी आणि पावाचा चुरा यातला फरक कळत नाही. पण सासरा जबरदस्त आहे. त्या मुलीच्या विद्यापीठाच्या संचालकपदाच्या निवड समितीचे अध्यक्ष. जावयाच्या बढतीला एक निबंध कमी पडत होता, असं ऐकलं होतं. मिळाला वाटतं."

---

दादा प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होता. तो मुलीच्याही आधी इथे आला होता. त्याचा प्रबंध सरांच्या टेबलावर कधीचा पडून होता.

"मलाही शेजारच्या विद्यापीठात नोकरी हवी आहे," तो आपणहून म्हणाला. "अर्ज केलाय. म्हणजे मी संशयित, नाही का?"

"निबंध पाठवायचं खातं कोणाचं?"

"सरांचं. पासवर्ड आम्हा दोघांनाही माहीत आहे. फाईल विद्यार्थ्यानं चढवायची, इतर सगळं भरायचं. परीक्षकांची नावं मात्र सरच भरतात. तो त्यांचा मान आहे."

"तुझ्याकडची प्रत?"

त्यानं खणातून काढून दिली. काळीपांढरी, दुमडलेली. समासात लाल शाईनं गिचमिड होती. एका फोटोभोवती मोठं वर्तुळ होतं.

"हे काय?"

"कुंड्या. तिनं बुरशी दिलेल्या सगळ्या खिडकीकडे ठेवल्या होत्या, बाकीच्या भिंतीकडे. मी म्हटलं, बये, रोपं बुरशीनं जगली का उन्हानं, कोण सांगणार? दुसरी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, कोण बघतंय. हिनं सगळं उपटलं, कुंड्या सरमिसळ केल्या आणि पुन्हा पेरलं. आठाची सहा झाली. त्या दिवशी जेवली नाही. पण पाठवले ते सहाच."

"तिचा तुला हेवा वाटतो?"

दादानं नळ बंद केला. "वाटतो," तो म्हणाला. "मी असतो तर आठच पाठवले असते."

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हाच. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

"माणूस हेवा कबूल करतो तेव्हा बाकीचं लपवायला त्याच्याकडे फारसं उरलेलं नसतं."

---

सरांच्या खोलीत पुष्पगुच्छ होते. पुस्तकं खोक्यांत भरून ठेवली होती. सर पुढच्या महिन्यात संचालक होणार होते.

ते अतिशय गोड बोलले. त्यांनी स्वतः लिहिलेली संशोधन-नीतीची पुस्तिका दोघांना भेट दिली. पहिलं कलम होतं, ज्याचं नाव लेखक म्हणून आहे त्याची जबाबदारीही आहे. भाऊजींना ते फार आवडलं.

"मुलगी हुशार आहे हो," सर म्हणाले. "पण घाई! आजकालच्या पिढीला सगळं झटपट हवं असतं. मी तिला मुलीसारखं मानतो, म्हणून तर वाचवायला बघतोय. माफीचा मसुदासुद्धा मीच लिहून दिला."

"तिचा निबंध तुम्ही वाचला होता?"

"तो निबंध माझ्यापर्यंत आलाच नाही. माझं नाव तिनं परस्पर घातलं."

"नाकारल्याचा अभिप्राय?"

"तोही नाही. परीक्षकांच्या कामात मी नाक खुपसत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

जिन्यात भाऊजी म्हणाले, "सज्जन माणूस."

पुस्तिका मात्र वहिनींनी जिन्याच्या कठड्यावर ठेवून दिली.

---

सोमवारी समितीच्या खोलीत पाणी सगळ्यांसमोर होतं, फक्त मुलीसमोर नव्हतं. सोबत माणसं आणायची तिला परवानगी होती, म्हणून वहिनी आणि भाऊजी आले होते. संपादक वहिनींच्या फोनमुळे आले होते. कात्रींना कोणी बोलावलं नव्हतं. ते संतापून आले होते. सरांनी माफीचा कागद मुलीपुढे सरकवून ठेवला होता, वर पेनही.

"मला थोडं बोलायचंय," वहिनी उठल्या. "प्रश्न एकच आहे. निबंध कोणी फोडला? सगळ्यांचं बोट इकडे आहे." त्यांनी कात्रींकडे पाहिलं. "कारण अभिप्रायात यांच्या निबंधांची यादी आहे. पण यादी कोणीही करू शकतं. मी आक्षेपाकडे बघितलं. परीक्षक म्हणतो, बुरशी दिलेल्या कुंड्या खिडकीकडे होत्या, म्हणून निष्कर्ष संशयास्पद."

"रास्त आक्षेप आहे," अधिष्ठाता म्हणाले.

"अगदी रास्त. फक्त या निबंधाला तो लागू होत नाही. संपादकसाहेब, तुमच्याकडे आलेल्या फाईलमध्ये कुंड्या कशा आहेत?"

संपादकांनी पानं उलटली. ते मधेच थांबले. "सरमिसळ. तसं लिहिलंय सुद्धा. अरे देवा."

"म्हणजे परीक्षकानं तुम्ही पाठवलेली फाईल उघडलीच नाही. तरी त्याला खिडकी ठाऊक आहे. खिडकी होती ती पहिल्या मसुद्यात, आणि तो मसुदा नियतकालिकाकडे कधी गेलाच नाही. ज्यांना फक्त नियतकालिकाकडून निबंध मिळाला असता, त्यांना खिडकी स्वप्नात दिसली असती का? म्हणून संपादक सुटले, आणि कात्रीसाहेबही सुटले."

कात्रींनी नुसता हुंकार दिला.

"पहिला मसुदा तिघांकडे होता. मुलीकडे, दादाकडे आणि सरांकडे. खात्याचा पासवर्डही याच तिघांना माहीत. खोटा पत्ता या तिघांपैकीच कोणीतरी भरला. मुलगी स्वतःचाच निबंध खोट्या नावानं नाकारेल, असं समितीला वाटत असेल तर मी खाली बसते."

कोणाला तसं वाटत नव्हतं.

"उरले दोघं. खिडकीची चूक दादानंच काढून दिली. ती दुरुस्त झाल्याचंही त्याला माहीत. जी चूक आता निबंधात नाही, तिच्यावरून तो निबंध कशाला पाडेल? शिवाय त्याची प्रत काळीपांढरी. छापून आलेल्या चोरीत फोटो रंगीत आहे, सुरेख आहे, सावल्या एका अंगाला पडल्यात. हे आमच्या भाऊजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. खिडकीचा उजेड आहे तो. पहिल्या मसुद्यातला तो फोटो आणि दहातली आठ रोपं, हे जसंच्या तसं फाईलमधून उचललंय. ती फाईल मुलीनं एकाच माणसाला पाठवली होती."

मुलीनं तो फोटो आणि ते आकडे कधीच ओळखले होते, पण सरांचं नाव मनात आणायला ती धजली नव्हती. भाऊजी खुर्चीत ताठ बसले. आपण काय शोधलं, ते त्यांना आत्ता कळत होतं.

"हा तर्क झाला," सर शांतपणे म्हणाले. "तो निबंध मी पाहिलेलाच नाही."

"मुलीच्या मेलमध्ये तो तुम्हाला पाठवल्याची नोंद आहे. 'मिळाला, छान,' हे तुमचं उत्तरही आहे." वहिनींचा आवाज चढला नाही. "मिळाला तेव्हा तुम्ही वाचला नसेल, ते मी मानते. तुम्ही कोणाचाच वाचत नाही. सही करता आणि नाव घेता. म्हणून तर ही चूक झाली. मुलगी दारात उभी राहून सांगत होती की निबंध बदललाय, आणि तुम्ही फोनवरून हात हलवलात. पुढे निवड समितीच्या अध्यक्षांच्या जावयाला निबंध हवा होता, तुम्हाला खुर्ची हवी होती. हातातली फाईल त्याला देऊन टाकलीत. मग हिचा आधी छापून येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःच परीक्षक झालात, वर्षभर दाबून धरलात, आणि शेवटी नाकारायला काहीतरी कारण हवं म्हणून टेबलावरची जुनी प्रत उघडलीत."

अधिष्ठात्यांनी अभिप्रायाचा कागद स्वतःकडे ओढला.

"सहा वर्षांत तुम्ही तिचं लिहिलेलं एकदाच नीट वाचलंत, सर. तेही तिला पाडायला. आणि चूक अचूक पकडलीत. ती चूक आहे हे माहीत असूनही दुसऱ्याच्या नावानं छापून येऊ दिलीत. उद्या रोपवाटिकावाले ते आठ खरे धरून चालतील."

सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "याचे परिणाम संस्थेवर होतील," ते अधिष्ठात्यांकडे बघत म्हणाले. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

अधिष्ठात्यांनी घसा खाकरला. आरोप मागे घेतल्यासारखा समजावा, असं ते म्हणाले. सर प्रकृतीच्या कारणानं रजेवर जातील. मुलीला दुसरा मार्गदर्शक मिळेल. छापून आलेल्या निबंधाबद्दल योग्य वेळी पत्रव्यवहार होईल. तोवर सगळ्यांनी, विशेषतः तिनं, संस्थेच्या नावाचा विचार करावा.

"मी करणार नाही," संपादक एकदम म्हणाले. "पुढच्या अंकात मी सगळं छापणार. माझ्या गाफीलपणासकट. माझं संपादकपद गेलं तरी चालेल."

अधिष्ठात्यांचा चेहरा पडला. आत्तापर्यंत जे ऐकलं, त्यानं तो पडला नव्हता.

मुलगी उठली. माफीचा कागद तिनं परत सरकवला.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही वाचलात ना? कसा होता?"

कात्रींनीसुद्धा मान खाली घातली. सरांनी चष्मा काढला. त्या क्षणी खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नसावी, किंवा इतक्या वर्षांची शिक्षकाची सवय आड आली असेल.

"चांगला होता," ते म्हणाले. "फार चांगला होता."

"हे इतिवृत्तात घेऊ नका," अधिष्ठाता कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या बाईंना म्हणाले.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर बसली. भाऊजींनी किल्ली फिरवली नाही.

"सहा वर्षं एवढंच ऐकायचं होतं मला त्यांच्या तोंडून," ती अखेर म्हणाली. "प्रत्येक वेळी काही लिहिलं की वाटायचं, आता म्हणतील. आज म्हणाले."

वहिनींनी मागे वळून पाहिलं.

"आणि मॅडम, मला बरं वाटलं. एवढं सगळं कळल्यावरसुद्धा बरं वाटलं. त्याचीच लाज वाटते."

वहिनींनी हात मागे नेऊन तिचा हात धरला आणि भाऊजींना गाडी काढायला सांगितली.